नेहमीची खोली

"सापडली!" लॅपटॉपवर हॉटेल शोधणारी सून इतक्या जोरात ओरडली की सासूबाईंच्या विणकामाच्या सुईवरचा टाका सुटला. "नऊशेला एक रात्र! कसिनोच्या अगदी समोर! वर गच्चीत पोहण्याचा तलाव!"

नवरा आंघोळीतून तसाच धावत आला. डोक्याला फेस, कमरेला टॉवेल आणि हातात साबणाची चिमुकली वडी. घरात सगळ्या वड्या असल्याच होत्या. सासूबाई महिन्यातून एकदा मोठ्या बहिणीकडे दोन दिवस जायच्या, कारण बहिणीचे गुडघे गेले होते. येताना या वड्या आणायच्या. बहिणीचा जावई साबणाच्या धंद्यात होता म्हणे.

"दाब, दाब! कुणीतरी घेईल!" नवरा म्हणाला.

त्याची घाई खोटी नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठेही कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की याचा फोन वाजायचा, म्हणून लग्नाला नऊ वर्षं झाली तरी ही दोघं कुठे दोन रात्री गेली नव्हती. यंदा साहेबांनी पहिल्यांदाच तीन दिवसांची रजा लेखी दिली होती. बसची तिकिटं काढून झाली होती. जुगारातलं दोघांना ओ की ठो कळत नव्हतं. उंचावरच्या खिडकीत बसून त्या शहराचे दिवे बघायचे, एवढाच सुनेचा हट्ट होता. आता खोली तेवढी हवी होती, आणि दोन रात्रींसाठी हाताशी होते दोन हजार.

सुनेने दाबलं. पुढच्या पानावर कर आला. त्याच्या पुढच्या पानावर सेवाशुल्क. मग रिसॉर्ट फी नावाचं एक प्रकरण उगवलं. तलावात उतरा नाहीतर कोरडे राहा, ते द्यायचंच होतं. चौथ्या पानावर पोचेपर्यंत नऊशेची खोली तेवीसशेची झाली.

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला," सासूबाई टाका उचलत म्हणाल्या.

मग दोघांना चेवच चढला. एक खोली सहाशेला होती, तिला खिडकीच नव्हती. दुसरी साडेसातशेला, पण फोटो नुसता दरवाजाचा. एका हॉटेलबद्दल पाहुण्याने लिहिलं होतं, 'माणसं प्रेमळ, पाणी नाही.' ते वाचून सून हसता हसता खुर्चीवरून घसरली. 'शेवटची एकच खोली शिल्लक' असं लाल अक्षरांत आलं की ती किंचाळायची, नवरा टॉवेल सावरत धावायचा, आणि दहा मिनिटांनी पाहावं तर ती शेवटची खोली जागच्या जागी शिल्लक. नवऱ्याच्या डोक्यावरचा फेस केव्हाच वाळून गेला होता.

"वरचा मजला मागा," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "आठव्याच्या खाली बँडचा आवाज येतो."

"तुम्हाला हो काय ठाऊक, आई?"

"एवढी अक्कल असते बाई मला."

दुपार झाली. बत्तीस हॉटेलं पाहून झाली. तेहतिसावं होतं ते खुद्द कसिनोचं, सगळ्यात उंच, सगळ्यात झगमगीत. त्याचा आकडा वाचून दोघंही नुसती हसली.

सुनेने लॅपटॉप अर्धा मिटला. "जाऊ दे. पुढच्या वर्षी जाऊ."

"साहेबांना सांगतो, कामावर येतो म्हणून," नवरा म्हणाला आणि त्याने फोन उचलला.

सासूबाईंच्या सुया थांबल्या. 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्यांनी स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून एकतीस वर्षं ऐकले होते. मग तो गेला, आणि पुढचं वर्ष यायचं राहूनच गेलं. त्या शब्दांची त्यांना चीड होती. सुनेचा पडलेला चेहरा त्यांना बघवेना.

"फोन ठेव," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि अगं, ते उघड परत. खाली सभासदाचा नंबर विचारलाय ना? तिथे माझा टाक."

"आई, तो कसिनोच्या सभासदांचा आहे."

"टाक म्हणते ना."

सासूबाईंनी तो तोंडपाठ सांगितला आणि सुनेने हसत हसत टाकला. चक्र फिरलं. पडद्यावर सोनेरी फुलं उधळली आणि अक्षरं आली:

'पुन्हा भेटून आनंद झाला! आपल्यासाठी किंवा आपल्या कुटुंबीयांसाठी आपली नेहमीची खोली, अकरावा मजला, दोन रात्री. भाडे शून्य. कर शून्य. रिसॉर्ट फी शून्य.'

नवऱ्याने हातातल्या साबणाच्या वडीकडे पाहिलं. वडीवर सोनेरी मुकुट होता. तस्साच मुकुट पडद्यावर हॉटेलच्या नावाशेजारी होता.

"फुकट?" त्याने विचारलं. "फुकट का?"

"जुगाराच्या मशीनवर बसणाऱ्यांना ते खोलीचे पैसे लावत नाहीत. त्यांचे पैसे खाली कसिनोत निघतात."

"आणि मावशींचे गुडघे?" सुनेने विचारलं.

"ताईचे गुडघे ठणठणीत आहेत."

सुनेला आधी हुंदका आला की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. तिने उठून सासूबाईंना गच्च मिठी मारली. दोघी गदागदा हलायला लागल्या. मुलगा मात्र टॉवेल धरून तसाच उभा होता.

सासूबाईंनी मिठी सोडवली, चष्मा सरळ केला आणि सुया हातात घेतल्या.

"सुखाने जा. दिवे बघा, पोटभर झोपा. फक्त खालच्या हॉलमध्ये डाव्या हाताचं तिसरं मशीन आहे ना, त्याला कुणी बोट लावायचं नाही. दोन वर्षं मी त्याला भरवतेय, आता ते द्यायला आलंय."