रविवारची बेनेल्ली

सासऱ्यांच्या माघारी त्यांची शर्यतीची बेनेल्ली मोटरसायकल आमच्या गळ्यात पडली. दर रविवारी चर्च सुटलं की अख्खं गाव आमच्या अंगणात. माझ्या नवऱ्याने, इव्हानोने, ती ढकलत पळवून सुरू करायची, सगळ्यांनी डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा, आणि मग मी सगळ्यांना वाइन पाजायची. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, पण लग्न झाल्यापासून एकाही रविवारी आम्ही तिथे गेलो नाही.

शेवटी गावाला पत्ता लागू न देता इव्हानोने ती मिलानच्या एका माणसाला विकली. पहिल्याच मोकळ्या रविवारी आम्ही समुद्रावर न्यायची छत्री आणि टॉवेल गाडीत टाकत होतो, तेवढ्यात चर्च सुटलं. गाव दारात हजर. सगळ्यांच्या पुढे, रिबीन बांधलेली बेनेल्ली ढकलत आमचे पाद्री, डॉन फिर्मिनो.

"तू विकायला काढल्याची कुणकुण लागली, म्हणून मिलानच्या माझ्या भाच्यालाच गिऱ्हाईक म्हणून पाठवलं," ते म्हणाले. "गावाने वर्गणी काढली. किती जड मनाने विकली असशील, आम्हाला कळत नाही का रे? घे, आता जन्मभर तुझीच."

इव्हानोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.



ते पाहून गावाने टाळ्या वाजवल्या.