स्वतःशीच भांडणारा सुगत

"कृपया फुलं पाठवू नका. हा नववीच्या चर्चेचा ग्रुप आहे," नाजिया मॅडमनी तिसऱ्यांदा लिहिलं.

लगेच एका पालकानं जोडलेले हात पाठवले. त्याखाली गुलाब होता.

मॅडमनी कपाळाला हात लावला. भोकर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलवर त्या इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. रोज नांदेडहून रेल्वेनं यायचं, रेल्वेनंच परत जायचं. वर्गात मुलं तोंड उघडत नव्हती. निदान फोनवर तरी बोलतील, म्हणून त्यांनी हा ग्रुप काढला होता. "ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी उभं राहा," असं आधी विचारलंही होतं. एकही मूल उठलं नव्हतं. सगळ्यांनी घरच्या मोठ्यांचे नंबर दिले होते.

आणि लिहीत होता एकटा सुगत.

तेही असं, की वाचून डोकं फिरावं. मॅडमनी विचारलं, "मतदान सक्तीचं करावं का?"

सुगतनं लिहिलं, "होय, करावे. न करणाऱ्यास दंड करावा."

थोड्या वेळानं सुगतनंच लिहिलं, "करु नये. माझे बाबा ऊसतोडीला कर्नाटकात जाते. तिथून कसे येतील."

मग पुन्हा सुगत, "गाडी करून यावं."

आणि त्याच्याखाली सुगतच, "भाडं तू देतो का?"

सुगतचे वडील एसटीत कंडक्टर. ऊस त्यांनी रसवंतीवरच पाहिला असेल! शुद्धलेखनाचीही तीच तऱ्हा. एक ओळ पुस्तकातल्यासारखी, दुसरीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कुठून उतरवतोय हा मुलगा? की मजा करतोय?

"काय मॅडम, चर्चा जोरात ना?" मुख्याध्यापक शिवप्रसाद सरांनी विचारलं.

"जोरात आहे सर. एक मुलगा स्वतःशीच भांडतोय."

सर हसले नाहीत. "जिल्ह्याहून साहेब येणार आहेत, तुमचा ग्रुप बघायला. मीच मोठ्या तोंडानं सांगून बसलोय. सांभाळून घ्या."

त्याच संध्याकाळी भोकरच्या फलाटावर मॅडमनी फोन उघडला. सुगतचा नवा निरोप होता. "माझ्या अब्बूंचं नावच यादीतून गेलं. चकरा मारून थकले. सक्ती कोणावर करून राहिले तुम्ही?"

त्यांचे कान तापले. या गावात आल्यापासून त्यांनी बरंच ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. पाठमागून मुद्दाम लांबवलेला सलाम, डब्याबद्दलचे विनोद. पण ते बाहेरचे रिकामटेकडे लोक. आपल्या वर्गातल्या मुलानं, तेही सगळ्या पालकांसमोर अशी टिंगल करावी?

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच त्या म्हणाल्या, "सुगत, उभा राहा. काल ग्रुपवर अब्बूंचं कोणी लिहिलं?"

सुगत उभा राहिला. "माझ्या फोनवरून गेलं, मॅडम."

"तुझे वडील कोण आहेत, ठाऊक आहे मला. मग अब्बू कुठून आले?"

सुगतनं समोरची वही मिटली.

"कोण शिकवतं हे तुला?"

"कोनी न्हाई, मॅडम."

"चर्चेला दोन माणसं लागतात रे. एकट्यानं चालतो त्याला तमाशा म्हणतात."

पुढच्या बाकावरची अर्शिया अर्धवट उठली. "मॅडम, ते..."

"तू खाली बस. महिना होत आला, ग्रुपवर एक ओळ लिहिली नाहीस आणि आता मध्ये बोलतेस? बस!"

अर्शियानं सुगतकडे पाहिलं. त्यानं हळूच मान हलवली. ती बसली आणि बाकावर डोकं टेकून रडायला लागली. मॅडमना वाटलं, पोरीलाही ती अब्बूंची टिंगल लागलीय. त्यांचा राग आणखी चढला.

सुगतनं वर्गासमोर माफी मागितली. मॅडमनी त्याला ग्रुपमधून काढलं.

त्यानंतर ग्रुपवर चिडीचूप. प्रश्न टाकला, उत्तर नाही. रागावून लिहिलं, उत्तर नाही. सकाळी तेवढा सूर्योदय आला, खाली मोगरा.

"साहेब उद्या येतायत," शिवप्रसाद सर दारातूनच म्हणाले. "काहीही करा, पण ग्रुपवर चर्चा दिसू द्या."

मॅडमना स्वतःचाच संताप आला. एवढ्या वर्गात लिहिणारा एकच, आणि आता त्याचीच मनधरणी करायची! शाळा सुटल्यावर त्यांनी परतीची गाडी जाऊ दिली आणि सुगतच्या घरी गेल्या.

त्याची आई, चांगुणाबाई, अंगणात धुणं काढत होती. "या मॅडम, बसा. सुगत न्हाई घरी. काय झालं कुनास ठाऊक, दोन दिस झाले, धड जेवून न्हाई राहिला."

"कुठं असतो या वेळी?"

"समाजमंदिराच्या ओट्यावर. फोन घिऊन रोज तिथंच बसतंय."

असणारच, मॅडम मनात म्हणाल्या. चहाला नको म्हणून त्या निघाल्या. समोरासमोर विनवणी करायला जीभ रेटत नव्हती. चालता चालताच त्यांनी सुगतला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं आणि प्रश्न टाकला, "शाळेत मोबाइल आणू द्यावा का? सुगत, तूही लिही."

समाजमंदिराच्या भिंतीपलीकडं टिंग वाजलं. पाठोपाठ एकच गलका उठला. मॅडम कोपऱ्यावर आल्या आणि थबकल्या.

ओट्यावर जवळजवळ सगळी नववी दाटीवाटीनं बसली होती. मॅडमकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"घेतलं रे परत मॅडमनी!" सत्यम ओरडला. "माझं आधी लिही, आणू द्यावा!"

"आजिबात न्हाई," मंजुश्री म्हणाली. "माझं लिही, आणू देऊ नये. ज्याच्याकडं न्हाई त्यानं काय करायचं?"

"माझंबी लिही," अर्शिया मागून म्हणाली. "पण या वेळी अब्बूंचं काही नको."

मधोमध बसलेल्या सुगतनं हात वर केला.

"एकेकानं बोला ना रे. फोन एकच हाय."