परक्या घरातला हिरो

आत्याला स्मशानात पोचवून आम्ही सगळे तिच्या-माझ्या घरी परतलो. तिच्या उशीवरचा खळगा अजून तसाच होता, आणि चुलतदादा त्याच पलंगावर ऐसपैस बसून त्याच्या मेव्हण्याला जुन्या सोळा-बिटच्या जमान्यातले रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम सुचवत होता.

"डोळे झाकून घे रे! गोष्ट, संगीत, सगळं एक नंबर. फक्त एक येडेपणा आहे. हिरो कुणाच्याही घरात घुसतो, कपाटं उचकतो, सापडेल ते खिशात घालतो. आणि घरातली माणसं? नुसती उभी राहून तेच ते वाक्य बोलतात! असं कुठे असतं का?"

मेव्हणा फिदीफिदी हसला.



दादाने उठून आत्याचं कपाट उघडलं, तिच्या बांगड्या खिशात सारल्या, खालचा खण ओढला, आणि मी दारात उभी राहून तिसऱ्यांदा विचारलं, "दादा, चहा ठेवू का?"