भात्यातली हवा

इटलीहून जुनं अकॉर्डियन स्वस्तात मिळालं. पण कस्टमची ड्युटी भरता भरता रणधीरची मोटारसायकल गेली, म्हणून खोकं डोक्यावर घेऊन तो फाट्यापासून सास्तूरपर्यंत चालतच आला. दारात आईनं अडवलं. बोलणी बसणार, असं त्याला वाटलं. पण तिनं खोक्यावरूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला. "लई लांबून आलंय लेकरू." ओसरीवर वडील होते, तात्या, उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकलेले, आता दम्यानं शब्दाशब्दाला थांबणारे. "मला... जमंल... व्हय?" "बोटं पेटीवानीच चालवायची, तात्या. फुंकायचं न्हाय. दम ह्येच घेतंय." रणधीरनं खोकं उघडून अकॉर्डियन तात्यांच्या मांडीवर ठेवलं. भात्याचा पट्टा सोडताच आत कोंडलेली गार, अनोळखी हवा बाहेर आली, कुठल्याशा समुद्राचा वास अंगणभर तरंगला. तात्यांनी डोळे मिटले, एका पट्टीवर बोट ठेवलं. भाता उघडत गेला. कित्येक वर्षांनी तात्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा छातीभर श्वास घेतला.