अर्पण

छापील अंक बंद झाल्यापासून संपादक दिशाला चैन नव्हती. पूर्वी मासिक प्रेसमध्ये गेलं की विषय संपायचा. वेबसाइटवर काहीच संपत नव्हतं. जुने अंक चढवता चढवता ती दिसेल ती चूक सुधारत सुटली. पहिल्याच अंकात वाकोल्याच्या गिटारिस्ट अर्बनची मुलाखत होती. असं कुठे नाव असतं, म्हणून मुद्रितशोधकाने त्याचा ‘अर्पण’ करून टाकला होता. दिशाने ते सुधारलं आणि त्याला फोन लावला. “झालं रे तुझं नाव नीट. एकदाचं.” तो म्हणाला, “परत चुकीचं कर ना.” पाठोपाठ फोटो आला: कपाटाच्या दारावर चिकटवलेलं तेच पान, ‘अर्पण’वर रेघ, वर निळ्या पेनाने ‘अर्बन’. “मम्मीचं अक्षर आहे. ती गेली, एवढंच राहिलंय. तू सुधारलंस, तर तिने काय सुधारलं?” दिशाने चूक परत जागेवर ठेवली.