टेकडीचं बेट

होडीतून उतरून रंगूबाई जी चालत सुटली, ती माथ्यावरच्या काळ्या कातळावर जाऊनच बसली. ऐसपैस, पाटलिणीसारखी. आजचा मान तिचाच होता. धरणाचं पाणी चढलं नि टेकडीचं बेट झालं. तिथं तंबू ठोकायचे हे नातवाचं, साहिलचं डोकं. पण गावकीत शब्द टाकला रंगूबाईनं. कुणी हूं की चूं केलं नाही. पोरगा मुंबई सोडून घरी आला होता, आणखी काय पाहिजे?

सात तंबू, पुण्याचे वीसेक पाहुणे. कातळाच्या दुसऱ्या टोकाला साहिल कोंबडी भाजत होता.

धाकटा दीर कुशाबा तेवढा खाली होडीपाशीच उभा. वहाणा हातात. चहाही घेतला नव्हता.

"काय वो भावजी, वर यायला मुहूर्त लागतो का?" रंगूबाईनं आवाज टाकला. "हा धोंडा बघा. मधीच तडकलाय, पण चुलीला झकास हाय. उद्यापासनं भाकऱ्या इथंच."

कुशाबा कातळापर्यंत वर आला. "वयनी, उठा तिथनं."

"का? तुमच्या बापाचा हाय?"

"बापाला इथंच अग्नी दिला," कुशाबा हळू म्हणाला. "नि दादालाबी."

रंगूबाईचा हात कातळावरून सटकन उचलला गेला.

"मसणवटा तर बुडाला!"

"वाट बुडाली, वयनी."

वाटेवर जांभूळ होतं. तिरडी पुढं जायची, बाया जांभळाखालून माघारी फिरायच्या. नवऱ्याच्या वेळी तीही तिथूनच फिरली होती. जांभळाच्या पुढं गावची बाई कधी गेलेली नाही. जांभूळ पाण्याखाली गेलं, तेव्हा तिनं गृहीत धरलं, मसणवटाही गेला.

"मग गावकीत बोललात का नाय? समद्यांनी तोंडात गुळणी धरलीवती?"

"तुमच्यापुढं कोन बोलनार?"

रंगूबाईनं कातळाच्या दुसऱ्या टोकाकडं पाहिलं.

"आज्ये, पहिला घास तुझा!" साहिल तंगडी घेऊन समोर उभा. बोटं काजळीनं माखलेली.

ती उठली. त्याच्याकडं न बघता उतार उतरली, लुगड्यासकट पाण्यात शिरली आणि डोकं बुडवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मागोमाग कुशाबा.

"वा आजी! एकदम भारी!" पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मग एकेक जण धावत आला नि धबाधबा उड्या पडायला लागल्या. हसणं, खिदळणं, मोबाइल. साहिलही हसत हसत कमरेएवढ्या पाण्यात आला.

"थंड हाय का गं आज्ये?"

"डोक्यावरनं घे रे," रंगूबाई म्हणाली. "डोक्यावरनं."