मुलाखतीची तालीम

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम महिनाभर बाबांच्या शिलाई मशीनपाशी चालली होती. गळ्यात टेप अडकवून बाबा साहेब व्हायचे आणि कपडे शिवता शिवता प्रश्न विचारायचे. उत्तर पटलं की मशीन धावायची, लेक अडखळली की थांबायची. "अशी त-त-प-प केलीस तर विमान लांबच, बसमध्येही घेणार नाहीत कुणी!"

व्हिसा मंजूर झाला. निघायच्या दिवशी सकाळी बाबा तिच्या नव्या कोटाला अस्तर लावत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शिकून झाल्यावर परत येणार का गं?"

तिला हसू आलं. ताठ उभी राहून ती एका दमात म्हणाली, "हो सर. आई गेल्यापासून माझे वडील एकटे आहेत. शिक्षण संपताच मी परत येणार."

मशीन थांबली.

ती गोंधळली. शब्द न् शब्द तोच होता. याच उत्तरावर तर व्हिसा मिळाला होता. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, जरा सावकाश. मशीन हलली नाही.

"बाबा, काय चुकलं?"

"काही नाही, बाळा," सुईत दोरा ओवत बाबा म्हणाले, "आज साहेब नव्हता गं विचारत."